गुच्छी

पश्चिम हिमालयातील जंगलांत वसंतात उगवणारी खाद्य रानअळंबी. मॉर्केला प्रजातीतील अनेक जातींना मिळून हे नाव आहे. कोकणातली अळंबी पावसाची. गुच्छी मात्र बर्फ वितळू लागल्यावर, साधारण मार्च ते मे या काळात येते. काश्मीर, उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशातील कुल्लू, चंबा, सिमला भागांतील देवदार आणि कैल या सूचिपर्णी झाडांच्या जंगलांत ती सापडते.

टोपीवर मधाच्या पोळ्यासारखे खळगे असतात आणि टोपीपासून देठापर्यंत आतून एकच पोकळी. म्हणून शंका आली की ती उभी चिरून पाहतात. जायरोमिट्रा ही विषारी अळंबी वरवर तशीच भासते, पण तिच्या टोपीवर मेंदूसारख्या वळ्या असतात आणि आत एकसलग पोकळी नसते.

गुच्छीचा रंग पाचोळ्यात इतका मिसळून जातो की पायाशी असूनही ती दिसत नाही. गावकरी पहाटेच निघतात. एक सापडली की आसपास आणखी असण्याची शक्यता असते, त्यामुळे लगेच पुढे न जाता तिथलीच जमीन निरखतात. मात्र यंदाच्या जागी पुढच्या वर्षी ती येईलच असे नाही. हाती लागलेली जागा सहसा कोणी सांगत नाही. विजा कडाडल्या की गुच्छी फुटते, असा समज पहाडात रूढ आहे; विजेचे माहीत नाही, पण ओल आणि हळूहळू वाढणारी ऊब तिला लागते हे खरे.

गोळा केलेल्या गुच्छ्या दोऱ्यात ओवून वाळवतात. वाळल्यावर वजन जेमतेम एक दशांश उरते. सुक्या मालाला किलोमागे हजारो रुपये मिळतात, त्याचे एक कारण हे. दुसरे म्हणजे शेतीची अडचण. चीनमध्ये तिची व्यापारी लागवड होते. भारतात सोलनच्या अळंबी संशोधन संचालनालयाला २०२१ मध्ये लागवडीत यश आले. तरी पहाडातला माल अजून मुख्यतः जंगलातूनच येतो.

गुच्छी कच्ची खाऊ नये. २०२३ मध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यात एका उपाहारगृहात कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मॉर्केलामुळे ५१ जण आजारी पडले, त्यांपैकी दोघे दगावले. सुकी गुच्छी आधी कोमट पाण्यात भिजवतात. खळग्यांतली वाळू तळाशी बसली की वरचे पाणी गाळून पुलावात घालतात. अर्धा सुगंध त्या पाण्यातच उतरलेला असतो.