स्कूल बोर्डाची सभा, तीन मिनिटांचा माइक आणि ‘दहशतवाद’ हा शब्द

अमेरिकेतल्या स्कूल बोर्डांच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांच्या, सभांमधला आरडाओरडा, धमक्या आणि दाराशी उभे पोलीस हे दृश्य २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याही फोनवर येऊन पोचलं. त्यामुळे हे सगळं करोनाच्या मास्कवरून सुरू झालं असं अनेकांना वाटतं. मास्क हे निमित्त होतं. बोर्डावर बसलेल्या शेजाऱ्याला घाबरवून निर्णय फिरवून घ्यायचा, ही रीत तिथे निदान साठ-सत्तर वर्षं जुनी आहे.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, पण कोणतं पुस्तक शिकवायचं हे त्यांच्या हातात नसतं. पाठ्यपुस्तक राज्य पातळीवर ठरतं, म्हणून पुस्तकावरचं भांडण थेट मंत्रालयाच्या दारात जातं. तिकडे तेरा हजारांवर शालेय जिल्हे (शाळांचे स्थानिक विभाग) आहेत आणि बहुतेक ठिकाणी पाच, सात किंवा नऊ निवडून आलेली माणसं पैसा, पुस्तकं आणि मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक ठरवतात. बऱ्याच ठिकाणी त्यांना मानधन नाही, असलं तर किरकोळ. संध्याकाळी कामावरून सुटलेला दंतवैद्य किंवा निवृत्त शिक्षिका सभेला येऊन बसते. सभा उघडी असते आणि नागरिकाला बहुधा तीन मिनिटं माइक मिळतो. सिनेटरभोवती सुरक्षारक्षक असतात, बोर्डाच्या सदस्याभोवती कोणी नसतं. त्याचं घर सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्याची मुलंही त्याच शाळेत जातात. दहशतीला यापेक्षा सोपं लक्ष्य मिळत नाही.

वसाहतींच्या काळातल्या गावसभांपर्यंत ही गोष्ट मागे नेता येईल, पण आजचं भांडण समजायला १९५४ पासून सुरुवात केलेली बरी. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या आणि आदेश पाळायचं काम येऊन पडलं ते स्थानिक बोर्डांवर. लिटल रॉकमध्ये १९५७ साली नऊ काळ्या विद्यार्थ्यांना सैन्याच्या पहाऱ्यात शाळेत न्यावं लागलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतरचं कमी सांगितलं जातं. शहरातल्या हायस्कुलांना १९५८-५९ हे पूर्ण वर्ष कुलूप लागलं. मे १९५९ मध्ये बोर्डाचे तीन सदस्य सभेतून उठून गेल्यावर उरलेल्या तिघांनी ४४ शिक्षक-कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढायचं ठरवलं, कारण ते एकत्र शाळांच्या बाजूचे समजले जात. त्याच महिन्याच्या २५ तारखेला शहराने मतदान करून या तिघांनाच पदावरून काढलं. शाळा ऑगस्टमध्ये उघडल्या आणि ७ सप्टेंबरला शालेय जिल्ह्याच्या कार्यालयात डायनामाइट फुटलं. मतपेटीत हरलेल्यांपैकी काहींनी उचललेलं हे पुढचं पाऊल होतं. स्कूल बोर्डावरची भांडणं समजायची असतील तर हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

पण माझ्या मते खरी पूर्वपीठिका आहे ती वेस्ट व्हर्जिनियातल्या कनावा काउंटीची, १९७४ ची. कोळशाच्या खाणींचा डोंगराळ भाग, मध्ये चार्ल्सटन शहर. भाषेच्या अभ्यासक्रमासाठी तीनशेच्या वर पुस्तकं निवडली होती आणि त्यांत काळ्या लेखकांचं लिखाण होतं, बोली होती, धर्माविषयी प्रश्न विचारणारे धडे होते. बोर्डाच्याच एका सदस्य बाईंनी हरकत घेतली. जूनमधल्या सभेला हजाराहून जास्त माणसं आली, आत जागा नाही म्हणून पावसात उभी राहिली. बोर्डाने ३ विरुद्ध २ मतांनी बहुतेक पुस्तकं घ्यायचं ठरवलं.

सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या तेव्हा हजारो मुलं घरी बसली. शाळांपुढे निदर्शनं सुरू झाली, खाणकामगारांनी त्यांना पाठिंबा म्हणून काम बंद ठेवलं. स्कूल बसवर गोळ्या झाडल्या गेल्या, रिकाम्या शाळांवर स्फोटकं पडली आणि ऑक्टोबरअखेर बोर्डाच्या कार्यालयाच्या इमारतीत डायनामाइट फुटलं. नोव्हेंबरमध्ये बोर्डाने बहुतेक पुस्तकं परत वर्गात आणली. डिसेंबरच्या सभेत प्रेक्षकांतल्या काहींनी व्यासपीठाकडे धाव घेऊन सदस्यांवर हात टाकला. पुढे या स्फोटांच्या कटात एका धर्मोपदेशकाला तीन वर्षांची शिक्षा झाली.

कनावातले बहुतेक विरोधक स्फोट करणारे नव्हते, ही गोष्ट विसरता कामा नये. आपल्या मुलांच्या पुस्तकात काय आहे हे शहरातली शिकलेली माणसं परस्पर ठरवतात, हा डोंगरातल्या कष्टकऱ्यांचा राग खरा होता. त्या रागावर बाहेरून आलेल्या राजकीय संघटनांनी आपली पोळी भाजली, वकील दिले, भाषणं दिली, आणि जानेवारी १९७५ मध्ये पांढरे झगे घालणारी वंशद्वेषी मंडळीही राज्याच्या राजधानीत सभा घेऊन गेली. खरी तक्रार, बाहेरची संघटना आणि काठावरचे हिंसक लोक. पुढच्या प्रत्येक भांडणात ही तीन माणसं एकाच रांगेत उभी दिसतात आणि त्यांना वेगळं ओळखणं कोणालाच नीट जमलेलं नाही.

मधली वर्षं भरभर सांगतो. न्यूयॉर्क राज्यातल्या एका बोर्डाने वाचनालयातून पुस्तकं काढली, त्यावर १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो इतका विभागलेला की दोन्ही बाजू आजही तोच दाखला देतात. १९९० च्या दशकात धार्मिक उजव्या गटांनी बोर्डाच्या निवडणुकांकडे पद्धतशीर लक्ष वळवलं. पेन्सिल्व्हेनियातल्या डोव्हर गावात उत्क्रांतीच्या जोडीला ‘बुद्धिमान रचना’ (सृष्टीमागे कोणी बुद्धिमान कर्ता आहे ही कल्पना) मांडायच्या निर्णयावर २००५ मध्ये खटला चालला. तो निर्णय घेणारे सदस्य निकालाआधीच निवडणुकीत पडले आणि निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना जिवे मारण्याच्या धमक्यांमुळे संरक्षणात राहावं लागलं.

आपल्या माणसांशी थेट जोडलेला प्रसंग २०१७ चा. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बोर्डाच्या निवडणुकीआधी घरोघरी टपालाने एक पत्रक आलं. चिनी आणि भारतीय लोक गाव ताब्यात घेत आहेत, असा त्याचा सूर. एक चिनी आणि एक भारतीय वंशाचा अशा दोन उमेदवारांच्या छायाचित्रांवर ‘हद्दपार करा’ असा शिक्का मारलेला होता. दोघंही निवडून आले. एडिसनमध्ये मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. तिथे स्कूल बोर्ड हा दूरचा विषय उरला नाही तो तेव्हापासून.

मग करोना आला. बंद शाळा, त्यामागून मास्क, आणि त्यातच वंशवादाचा इतिहास कसा शिकवायचा यावरचा वाद. घरी बसलेल्या पालकांना पडद्यावर मुलांचा वर्ग प्रथमच दिसत होता. ॲरिझोनातल्या व्हेलमध्ये एप्रिल २०२१ मध्ये जमाव सभेच्या जागी शिरला, बोर्डाने सभा तहकूब केली, तर जमलेल्या लोकांनी आपल्यातूनच ‘नवीन बोर्ड’ निवडून टाकलं. त्याच जिल्ह्यात सप्टेंबरमध्ये तीन पुरुष प्लास्टिकच्या हातबेड्या घेऊन प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेले. टेनेसीतल्या फ्रँकलिनमध्ये १० ऑगस्टला मास्कच्या बाजूने बोललेल्या डॉक्टरांना जमावाने गाडीपर्यंत गाठलं. तुम्ही कोण ते आम्हाला माहीत आहे, आम्ही तुम्हाला शोधून काढू, असं ओरडणारा माणूस चित्रफितीत दिसतो. व्हर्जिनियातल्या लाउडनमध्ये २२ जूनला अडीचशेच्या वर लोकांनी बोलण्यासाठी नावं दिली होती. गोंधळ वाढल्यावर बोर्डाने लोकांचं बोलणं थांबवलं, जमाव बेकायदा ठरवला गेला आणि एका बापाला अटक झाली. त्याच्याकडे पुन्हा येतो.

या सगळ्यावर २९ सप्टेंबर २०२१ रोजी बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेने राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं. धमक्यांच्या आणि गोंधळाच्या वीसहून अधिक घटना दिल्या आणि हे प्रकार देशांतर्गत दहशतवादाशी तुल्य ठरू शकतात, तेव्हा २००१ च्या दहशतवादविरोधी कायद्यासकट सगळे कायदे तपासावेत, अशी मागणी केली. आदल्याच दिवशी व्हर्जिनियातल्या गव्हर्नरपदाच्या एका उमेदवाराने जाहीर चर्चेत म्हटलं होतं की शाळांनी काय शिकवावं हे पालकांनी सांगू नये. ही दोन वाक्यं एकमेकांना चिकटली ती कायमची. तो उमेदवार नोव्हेंबरमध्ये हरला.

शब्दाचा गुंता इथे आहे. अमेरिकी कायद्यात ‘देशांतर्गत दहशतवाद’ याची व्याख्या आहे. मानवी जिवाला धोका होईल असं गुन्ह्याचं कृत्य हवं, आणि लोकांना धाकात ठेवणं किंवा दबावाने सरकारचं धोरण बदलणं असा हेतू दिसायला हवा. पण त्या नावाचा स्वतंत्र केंद्रीय गुन्हा नाही. त्या नावाखाली तपास वाढतो, साधनं मिळतात, आरोप मात्र दुसऱ्या कलमांखाली लागतात. लिटल रॉकचा आणि कनावाचा डायनामाइट या व्याख्येत सहज बसतो. सभेत ओरडणारी आई बसत नाही. पत्राने दोघांच्या मधल्या रुंद पट्ट्यावर एकच शब्द टाकला.

मराठीत तर हा गुंता आणखी घट्ट होतो. आपण ‘अतिरेकी’ हा शब्द बंदूकधाऱ्यासाठी वापरतो. टोकाच्या राजकीय मताच्या माणसाला ‘जहाल’ किंवा ‘कट्टर’ म्हणावं लागतं. त्यामुळे तिकडची ‘स्कूल बोर्डाच्या सभेत अतिरेकी’ अशी बातमी आपल्याकडे उतरली की वाचकाच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. तिथे मात्र बहुतेक वेळा माइक असतो, फोनचा कॅमेरा असतो, आणि मध्यरात्री घरी येणारा निनावी संदेश असतो. या संदेशाला ‘धमकी’ हा आपला साधा शब्द पुरेसा होता. पत्रातही तोच शब्द वापरला असता तर पुढचं बरंच टळलं असतं, असं माझं मत आहे.

पाच दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, केंद्रीय न्याय विभागाचे प्रमुख असलेल्या ॲटर्नी जनरलनी एक पानी आदेश काढला. केंद्रीय तपास यंत्रणेने ३० दिवसांत ठिकठिकाणी स्थानिक पोलिसांबरोबर बैठका घ्याव्यात, एवढंच त्यात होतं. धोरणावरच्या तावातावाच्या चर्चेला घटनेचं संरक्षण आहे, हेही त्यात लिहिलेलं आहे. ‘दहशतवाद’ हा शब्द त्या आदेशात कुठेही नाही. पण सोबतच्या प्रसिद्धिपत्रकात राष्ट्रीय सुरक्षेच्या विभागाचं नाव होतं आणि नंतर तपास यंत्रणेने अशा तक्रारींवर खास खूण लावायला सांगितल्याचं बाहेर आलं. पालकांना दहशतवादी ठरवलं, ही ओळ त्यानंतर कोणालाच पुसता आली नाही.

आता तो बाप. पत्रातल्या घटनांच्या यादीत लाउडनची अटक होती. या माणसाच्या मुलीवर २८ मे २०२१ रोजी शाळेच्या स्वच्छतागृहात लैंगिक अत्याचार झाला होता. त्या जूनच्या सभेत शालेय जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यांनी स्वच्छतागृहात असा प्रकार घडल्याची नोंद आपल्याकडे नाही असं सांगितलं होतं. अत्याचार करणारा विद्यार्थी दुसऱ्या शाळेत पाठवला गेला आणि तिथे त्याने आणखी एका मुलीला त्रास दिला. न्यायालयात दोन्ही प्रकरणं सिद्ध झाली. डिसेंबर २०२२ मध्ये विशेष ज्युरीचा कडक अहवाल आला आणि त्या मुख्य अधिकाऱ्यांना काढलं गेलं. बापाला झालेली शिक्षा २०२३ मध्ये गव्हर्नरनी माफ केली. बोर्डांच्या सदस्यांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे, पण या माणसाचं प्रकरण त्या यादीत घालणं ही मोठी चूक होती आणि तिची किंमत खऱ्या धमक्या सोसणाऱ्यांनी मोजली.

संघटनेने २२ ऑक्टोबरला माफी मागितली. पत्रातल्या काही भाषेचं समर्थन होऊ शकत नाही, असं म्हटलं. तरी वीसहून अधिक राज्यांच्या शाखा बाहेर पडल्या आणि काहींनी वेगळा संघ काढला. मे २०२२ मध्ये आलेल्या अंतर्गत चौकशीत दिसलं की पत्र पूर्ण संचालक मंडळाच्या मंजुरीशिवाय गेलं होतं आणि एका आधीच्या मसुद्यात तर सैनिकी दल पाठवण्याची मागणी होती.

धमक्या मात्र चालूच होत्या. जानेवारी २०२२ मध्ये व्हर्जिनियाच्या पेज काउंटीत एका आईने मास्कवर बोलताना सोमवारी भरलेल्या बंदुका घेऊन येईन असं म्हटलं. तिने लगेच खुलासा केला, तरी गुन्हा नोंदला गेला. इलिनॉयच्या एका उपनगरात वाचनालयातल्या पुस्तकावरच्या सभेला काळे-पिवळे शर्ट घातलेले, रस्त्यावरच्या मारामाऱ्यांसाठी ओळखले जाणारे पुरुष येऊन बसले. धाक वाटायला त्यांचं येऊन बसणंच पुरेसं होतं. जून २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलला सभेबाहेर हाणामारी होऊन तिघांना अटक झाली. दुसऱ्या बाजूला, सॅन फ्रान्सिस्कोत फेब्रुवारी २०२२ मध्ये डाव्या विचारांच्या मतदारांनीच तीन सदस्यांना मतदानाने घरी पाठवलं. तिथला राग तितकाच मोठा होता, पण तो मतपेटीतून गेला.

सभा चालवणाऱ्याच्या हातात नेमकं काय उरलं आहे, हे आता न्यायालयं ठरवत आली आहेत. ओहायोतल्या एका बोर्डाने ‘शिवराळ’, ‘वैयक्तिक’ किंवा ‘विरोधी’ बोलण्यावर घातलेली बंदी २०२१ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केली. कटू बोलणं ऐकून घेणं सदस्यांना भाग आहे. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धमकी हा गुन्हा ठरायला बोलणाऱ्याला तिचा धाक कळत होता आणि तरी त्याने बेपर्वाई केली, एवढं तरी सिद्ध करावं लागेल. मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या दोन बोर्ड-सदस्यांचं प्रकरण त्याच न्यायालयापुढे होतं. दोघांनी आपल्या समाजमाध्यमाच्या पानावर वारंवार तेच लिहिणाऱ्या पालकांना अडवलं होतं. पदाच्या अधिकाराने बोलत असाल तर अडवता येणार नाही, खाजगी नात्याने असेल तर येईल, अशी कसोटी ठरली आणि प्रकरण खाली परत गेलं. सभेत अध्यक्षाला तीन मिनिटं झाली की माइक बंद करता येतो. सभा उठल्यावर गाडीपर्यंत पाठीमागे येणाऱ्या माणसापुढे त्या अधिकाराचा काही उपयोग होत नाही.