आकाश छायाचित्रण, नवशिक्यांचे (मुंबई परिसर)

दुर्बिणीविना, साध्या कॅमेऱ्याने चंद्र, ग्रह, तारे व आकाशगंगेचा पट्टा टिपण्याचा छंद. मुंबईत त्याची खरी अडचण काळोखाची आहे. रस्त्यांवरचे दिवे, जाहिरातफलक आणि इमारतींवरची रोषणाई यांचा प्रकाश दमट, धुळकट हवेत विखुरतो व आकाशच उजळून निघते. शटर (कॅमेऱ्यात प्रकाश आत सोडणारी झडप) जास्त वेळ उघडे ठेवले, तर ताऱ्यांसोबत हा उजेडही साठत जातो. म्हणून शहरातून आकाशगंगा टिपण्याचा हट्ट न धरलेला बरा.

चंद्राचे तसे नाही. त्याचा दिसणारा भाग उन्हात असल्यामुळे त्याचे छायाचित्र दिवसाच्या मापानेच घ्यावे लागते : पौर्णिमेला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचे माप) एफ/११ आणि शटर सुमारे १/१०० सेकंद. कॅमेरा स्वयंचलित ठेवल्यास तो भोवतालच्या काळोखाला भुलतो व चंद्राचा नुसता पांढरा ठिपका होतो. मरीन ड्राइव्ह किंवा दादर चौपाटीवरून पश्चिमेचे क्षितिज मोकळे मिळते, त्यामुळे शुक्ल द्वितीया-तृतीयेची कोर आणि कधी तिच्या शेजारी आलेला शुक्र यांनी सुरुवात करणे सोयीचे.

ताऱ्यांसाठी ट्रायपॉड हवाच. आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकत असल्याने शटर फार वेळ उघडे राहिले की ताऱ्यांच्या रेघा उमटतात. ५०० या संख्येला लेन्सच्या नाभीय अंतराने (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा) भागून येणारे सेकंद ही ढोबळ मर्यादा मानतात. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग असलेल्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्सला ती सुमारे २० सेकंद येते. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर ही मर्यादाही सैलच पडते, म्हणजे शटर त्याहून कमी वेळ उघडे ठेवावे लागते. बहुतेक छायाचित्रे बिघडतात ती मात्र फोकसपायी. ऑटोफोकस बंद करून व्याधासारखा ठळक तारा पडद्यावर मोठा करावा, तो फुगीर डागापासून बारीक टिंबापर्यंत येईतो लेन्सवरचे फोकसचे कडे हळूहळू फिरवावे आणि मग त्यावर चिकटपट्टी लावावी. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. शटरचे बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि चित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ) स्वरूपात साठवावीत.

ताऱ्यांच्या रेघा मुद्दाम हव्या असतील, तर शहरात तासाभराचे एकच चित्र पांढरे पडते. त्याऐवजी लागोपाठ घेतलेली अनेक छोटी चित्रे संगणकावर जोडतात. मुंबईतून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो, त्यामुळे त्याच्याभोवतीच्या मोठ्या वर्तुळांचा खालचा भाग क्षितिजाखाली जातो आणि गच्चीवरून पाहिल्यास बहुधा समोरची इमारतच आड येते.

आकाशगंगेसाठी शहराबाहेर पडावे लागते. मध्य रेल्वेवरील बदलापूर-कर्जत दरम्यानचे वांगणी हे मुंबईच्या आकाशप्रेमींचे जुने ठिकाण. माळशेजचा परिसर त्याहून काळोखा. धनु राशीकडचा आकाशगंगेचा दाट भाग मार्चमध्ये पहाटे, तर मेमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास वर आलेला असतो. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. जूनपासून मात्र पावसाळी ढगांमुळे हे काम जवळपास थांबते.