हवामान व पृथ्वी-प्रणाली विज्ञान : पदव्युत्तर अभ्यास

वातावरण, महासागर, हिमाच्छादन, जमीन आणि सजीव सृष्टी ही पृथ्वीची अंगे एकमेकांवर कसा परिणाम करतात, त्यातून हवामान कसे ठरते आणि कसे बदलते, याचा शोध घेणारी ही ज्ञानशाखा. बहुतेक ठिकाणी ती पदव्युत्तर पातळीवरच स्वतंत्र विषय म्हणून भेटते. भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र, भूविज्ञान, भूगोल, जीवशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मुले-मुली इथे एकाच वर्गात बसतात. पहिल्या सत्रात प्रत्येकाला कुठला ना कुठला विषय नवा असतो. भौतिकीवाल्याला प्रकाशसंश्लेषण पुन्हा शिकावे लागते, तर जीवशास्त्रातून आलेल्याला विकलक समीकरणांशी झगडावे लागते.

शालेय भूगोलात ‘हवा’ म्हणजे त्या-त्या वेळची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे दीर्घ काळची सरासरी, असा भेद शिकवतात. बोलण्यात मात्र आपण दोन्हींना हवामानच म्हणतो. या अभ्यासात हा भेद काटेकोरपणे पाळावा लागतो. जागतिक हवामान संघटनेने सरासरीसाठी ३० वर्षांचा काळ प्रमाण मानला आहे. आरंभीच्या स्थितीतला अगदी बारीक फरकही पुढे वाढत जातो, हे एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे साधारण दोन आठवड्यांपलीकडे एखाद्या दिवसाचा नेमका अंदाज देता येत नाही. मग पन्नास वर्षांनंतरचे तापमान कशाच्या आधारावर सांगायचे? ते आजच्या ढगांवर अवलंबून नसते. पृथ्वीवर किती ऊर्जा येते आणि किती परत जाते, या हिशेबावर ते ठरते. हा हिशेब मांडता येणे, हे या पदवीचे मर्म आहे.

विषयाची मुळे जुनी आहेत. वातावरण पृष्ठभागाची उष्णता अडवून धरते, हा विचार जोसेफ फूरिए यांनी १८२४ मध्ये मांडला. युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापल्याचे नोंदवले. जॉन टिंडल यांनी १८५९ पासून उष्णतेच्या किरणांचे शोषण मोजले, तर स्वांते अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल याचे गणित हाताने केले. तरीही विसाव्या शतकात बराच काळ वातावरण, समुद्र आणि जमीन यांचे अभ्यास वेगवेगळ्या विभागांत चालत राहिले. १९८० च्या दशकात नासाच्या एका समितीने फ्रान्सिस ब्रेदरटन यांच्या अध्यक्षतेखाली हे सगळे घटक एकाच आकृतीत जोडून दाखवले. चौकटी आणि बाणांनी गजबजलेली ती आकृती आजही या विषयाच्या वर्गांत दाखवली जाते.

पहिल्याच काही तासिकांत एक गणित येते, आणि ते प्रत्येकाने स्वतः सोडवून पाहावे इतके सुंदर आहे. पृथ्वीच्या अंतरावर सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॉट ऊर्जा मिळते. पृथ्वी गोल आहे, तिची एक बाजू अंधारात असते. म्हणून पूर्ण पृष्ठभागावर वाटून दिल्यावर वाट्याला येतात ३४० वॉट. त्यांतले सुमारे ३० टक्के ढग, बर्फ आणि वाळू परतवून लावतात. उरलेली ऊर्जा पृथ्वीने अवकाशात तितकीच सोडली पाहिजे, असे धरून स्टेफान-बोल्ट्समन यांचा नियम (किती तापमानाची वस्तू किती ऊर्जा सोडते हे सांगणारा) लावला की तापमान येते उणे १८ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात पृष्ठभागाचे सरासरी तापमान आहे अधिक १५ अंशांच्या आसपास. हा ३३ अंशांचा फरक म्हणजे हरितगृह परिणाम. तो नसता तर बहुतेक समुद्र गोठलेले राहिले असते. हरितगृह हा शब्द आपण फक्त संकटाच्या बातम्यांत ऐकतो. इथे त्याच्यावर जगणारी पृथ्वी आधी दिसते.

या गणितात एकेक अंग जोडत गेले की ते अवघड होत जाते. हवा १ अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. बाष्प स्वतः हरितगृह वायू असल्याने तापमान आणखी चढते. ताजा बर्फ बहुतेक ऊन परतवतो, उघडा समुद्र ते जवळपास सगळे गिळतो. म्हणून बर्फ वितळला की तिथली उष्णता वाढते आणि अधिक बर्फ वितळतो. अशा परिणामांना फीडबॅक म्हणतात.

दुसरा हिशेब कार्बनचा. माणसाच्या व्यवहारांतून वर्षाला सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. साधारण ७.८ अब्ज टनांनी त्याचे हवेतले प्रमाण दशलक्षात एका भागाने वाढते. म्हणजे दरवर्षी ५ भागांची वाढ दिसायला हवी. दिसते मात्र अडीचच्या आसपास. उरलेला अर्धा वायू कुठे गेला? एकूण वायूचा सुमारे पाव भाग समुद्राने विरघळवून घेतला, बाकीचा झाडे आणि मातीने. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआ इथे नियमित मोजमाप सुरू केले तेव्हा हे प्रमाण ३१५ होते. आता ते ४२० च्या वर आहे. त्यांच्या आलेखावर चढत्या रेषेबरोबर दरवर्षी एक उतार आणि एक चढ दिसतो. उत्तर गोलार्धातल्या वनस्पती पालवतात तेव्हा प्रमाण घटते, पाने कुजतात तेव्हा वाढते. एवढ्या विशाल वातावरणात झाडांचा श्वास मोजता येतो, यापेक्षा पृथ्वी ही एक प्रणाली आहे याचा बोलका पुरावा कोणता? वाढ इंधनांमुळेच आहे हेही कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंवरून, कळते. कार्बन-१४ काळाबरोबर क्षय पावतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षे जुने असल्याने त्यांत तो उरलेलाच नसतो, आणि त्यांचा धूर मिसळत गेला की हवेतला कार्बन-१४ विरळ होत जातो.

अभ्यासाचा मोठा हिस्सा संगणकी मॉडेलांना, म्हणजे हवामानाची समीकरणे संगणकावर सोडवणाऱ्या प्रोग्रॅम्सना, जातो. स्युकुरो मानाबे यांनी १९६० च्या दशकात वातावरणाची आणि पुढे कर्क ब्रायन यांच्यासह वातावरण-महासागराची जोडलेली मॉडेले उभी केली. हवामानाच्या मॉडेलांवरील कामासाठी त्यांना आणि क्लाउस हासेलमान यांना २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा विभागून मिळाला. मॉडेलात पृथ्वी चौकटींत विभागतात. जागतिक मॉडेलांत एकेक चौकट बरेचदा १०० किलोमीटरांच्या आसपास रुंद असते. एखादा ढग त्याहून कितीतरी लहान. तो चौकटीत मावत नाही, म्हणून त्याचा एकूण परिणाम अंदाजी सूत्राने घालावा लागतो. खरी अडचण इथेच आहे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान दीड ते साडेचार अंशांनी वाढेल, असे ज्यूल चार्नी यांच्या समितीने १९७९ मध्ये म्हटले होते. २०२१ मध्ये आंतरसरकारी हवामान बदल समितीने संभाव्य पल्ला अडीच ते चार अंशांचा दिला. मधल्या चार दशकांत तो एवढाच अरुंद झाला, याचे प्रमुख कारण ढग. विद्यार्थ्याने मॉडेलवर आंधळा विश्वास ठेवू नये आणि ते फेकूनही देऊ नये, हे शिकवायला वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

त्यामुळे प्रोग्रॅमिंग टाळता येत नाही. मॉडेले बरीचशी फोरट्रानमध्ये लिहिलेली असतात, विश्लेषण बहुधा पायथनमध्ये होते. नवख्याची हमखास होणारी एक चूक सांगण्यासारखी आहे. अक्षांश-रेखांशांच्या जाळीवर तापमानाचे आकडे असलेली फाइल उघडायची, सगळ्या आकड्यांची सरासरी काढायची, आणि पृथ्वी खऱ्यापेक्षा कित्येक अंशांनी थंड निघायची! कारण ध्रुवाकडे रेखांश जवळ येतात. ६० अंशांवरची चौकट विषुववृत्तावरच्या चौकटीच्या निम्म्याच क्षेत्राची असते. ध्रुवीय चौकटींना सारखेच वजन दिले की थंडी दुप्पट-तिप्पट मोजली जाते. प्रत्येक आकड्याला अक्षांशाच्या कोसाइनचे वजन दिले की उत्तर जागेवर येते. ही चूक एकदा हातून झाली की पुढे कुठलाही नकाशा डोळे मिटून मान्य केला जात नाही.

निरीक्षणांचा भागही तितकाच मोलाचा. समुद्रात तरंगणारे आर्गो प्रकल्पाचे सुमारे ४,००० यंत्र-तरंगक दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात. वाढीव उष्णतेचा ९० टक्क्यांहून अधिक वाटा समुद्रात साठतो, हे मुख्यतः अशा मोजमापांवरूनच कळते. अंटार्क्टिकातल्या बर्फाच्या गाभ्यांत, म्हणजे खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब दंडगोलांत, अडकलेल्या बुडबुड्यांतून निदान ८ लाख वर्षांपूर्वीपर्यंतची हवा मिळते.

युरोपात अभ्यासक्रम बहुधा चार सत्रांचा आणि १२० श्रेयांकांचा असतो. ब्रिटनमध्ये तो अनेकदा वर्षभरात पुरा होतो. हॅम्बुर्ग विद्यापीठाला त्याच शहरातल्या माक्स प्लांक हवामानशास्त्र संस्थेचा शेजार आहे. हासेलमान हे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक होते. प्रवेशासाठी गणिताची पक्की तयारी लागते. कलन, रेषीय बीजगणित आणि सांख्यिकी आधीच झालेली असावी. नसेल तर पहिले सत्र ती भरून काढण्यात जाते. काही ठिकाणी अर्थशास्त्र आणि धोरण यांचेही विषय जोडलेले असतात.

शेवटचे सत्र प्रबंधाचे. त्यात एकच लहानसा प्रश्न घेऊन त्याचे उत्तर किती खात्रीने देता येते हे दाखवायचे असते. परीक्षक निष्कर्षाइतकेच, बहुधा त्याहून अधिक, त्रुटीच्या पल्ल्याबद्दल विचारतात. पदवीनंतर बरेच जण संशोधनाकडे वळतात, काही राष्ट्रीय हवामान सेवांत जातात. पूर आणि वादळांची जोखीम मोजणाऱ्या विमा कंपन्या, पाणी-नियोजन आणि पवन व सौर ऊर्जेचे प्रकल्प यांनाही अशा माणसांची गरज असते.