झाड हिरवं, घर राख

नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव वणव्यात होरपळलं. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त बांधकामं जळाली. नंतरच्या फोटोंत एक गोष्ट खटकत राहते. घराच्या जागी नुसतं जोतं आणि धुराडं, आणि दोन पावलांवर पाइनचं झाड हिरवंगार! जंगलातून ज्वाळांची भिंत चालून आली असती, तर झाड आधी जायला हवं होतं.

अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी या कोड्याचा पिच्छा पुरवला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात मुद्दाम पेटवलेल्या जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या केल्या गेल्या. १० मीटरवरच्या काही भिंतींनी पेट घेतला, २० मीटरवरची एकही पेटली नाही. कारण शेंड्यांची आग भयंकर दिसली तरी एका जागी जेमतेम मिनिटभर टिकते. तेवढ्या वेळात दूरचं लाकूड पेटण्याइतकं तापत नाही.

मग घरं पेटतात कशी? बहुतेक वेळा उडत आलेल्या निखाऱ्यांनी. जळती साल, काटक्या, शंकूफळांचे तुकडे वाऱ्यावर एखाद-दोन किलोमीटर सहज जातात. नखाएवढा निखारा कौलावर पडला तर विझून जाईल. पण तोच घरंगळत पन्हळीत गेला, आणि तिथे गेल्या मोसमाचा पालापाचोळा साठलेला असला, की आधी नुसता धूर निघतो, मग बारीक ज्योत, मग वळचणीची फळी. किंवा तो हवेच्या झरोक्यातून थेट माळ्यावर शिरतो. बाहेरून घर धडधाकट दिसत असतं, आत जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांनी पेट घेतलेला असतो. म्हणून झरोक्याला साधारण तीन मिलिमीटर छिद्रांची धातूची जाळी लावायला सांगतात. तिचा खर्च किरकोळ आहे, तरी लोकांचं लक्ष जातं ते दूरच्या डोंगरावरच्या झाडांकडे. भिंतीलगतची दीड मीटर जागा मात्र सुकी झुडपं, लाकडाचा भुसा आणि पायपुसण्याने भरलेली असते.

एकदा घर पेटलं की हिशेबच बदलतो. झाड मिनिटभर जळतं, घर तासभर किंवा त्याहून जास्त. शेजारचं घर पाच-सात मीटरवर असेल तर उष्णतेने त्याच्या खिडक्यांच्या काचा तडकतात आणि आग आत शिरते. ३० डिसेंबर २०२१ ला कोलोरॅडोत नेमकं हेच झालं. तिथे दाट जंगल नव्हतंच, सुकं गवत होतं आणि ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढचे झोत होते. काही तासांत हजारावर घरं गेली. वस्तीत शिरल्यावर त्या आगीला जंगलाची गरजच उरली नव्हती, एक घर दुसऱ्याचं सरपण झालं होतं.

अशा वेळी बंब कितीही असले तरी अपुरेच. शिवाय जळालेल्या प्रत्येक घराची फुटलेली पाइप पाणी सांडत राहते आणि रस्त्यावरच्या नळांचा दाब उतरतो. दाब गेला की तापलेल्या प्लास्टिकमधली रसायनं आणि बाहेरचा धूर जलवाहिन्यांत ओढला जाऊ शकतो. पॅराडाइजमध्ये आग विझल्यावर पाण्याच्या नमुन्यांत कर्करोगकारक बेंझीन सापडलं. ज्यांची घरं शाबूत राहिली होती, त्यांनाही पुढे महिनोन्महिने नळाचं पाणी पिण्याची मनाई होती.