कपडे आपटणारे मशीन आणि कपडे घुसळणारे मशीन

कपड्यातला मळ सुटायचा असेल तर पाण्यात कपडा हलला पाहिजे. टॉप लोड मशीन हे काम पाण्याच्या प्रवाहाकडून करून घेते, फ्रंट लोड गुरुत्वाकर्षणाकडून. ड्रमचा आस उभा ठेवला की पहिला मार्ग मिळतो, आडवा ठेवला की दुसरा. पाणी किती, वेळ किती, कोणती पावडर आणि काही वर्षांनी कोणता भाग नादुरुस्त होणार, हे बरेचसे या आसावरूनच ठरते.

धुलाईत चार गोष्टी काम करतात: पावडरीतील रसायने, तापमान, वेळ आणि हालचाल. हेंकेल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये या चौघांना एका वर्तुळात मांडले. एकाचा वाटा घटला तर उरलेल्यांनी तो भरून काढायचा, असा त्या वर्तुळाचा हिशेब आहे. दोन्ही मशीनांना तो सारखाच लागू पडतो.

टॉप लोडमध्ये कपडे पाण्यात तरंगतील एवढे पाणी भरावे लागते. तळाशी पल्सेटर नावाची पंखेदार तबकडी असते. ती आलटून पालटून दोन्ही दिशांना फिरते, पाण्याला भोवरा देते आणि कपडे वर-खाली घुसळले जातात. काही मशीनांत तबकडीऐवजी मधोमध उभा खांब, म्हणजे अ‍ॅजिटेटर असतो. तो कपडे अधिक जोरात ओढतो, त्यामुळे कपड्यांची झीजही जास्त होते. टब गच्च भरला तर पाण्याला वाहायला जागा उरत नाही. वरचे कपडे जागच्या जागी डुलत राहतात आणि घड्यांत पावडरीचे पांढरे पट्टे राहतात. म्हणून धुणे सुरू झाल्यावर एक-दोन मिनिटे झाकणातून पाहावे. वर दिसणारा कपडा थोड्या वेळात खाली गेला नाही, तर कपडे जास्त झाले आहेत. लांब बाह्या आणि नाड्या भोवऱ्यात एकमेकींना पीळ घालतात. त्या कपड्यांसाठी जाळीची पिशवी वापरणे बरे.

फ्रंट लोडमध्ये पाणी फक्त तळाशी असते. ड्रमच्या आतल्या बाजूला बहुधा तीन उंचवटे असतात. ते ओले कपडे वर नेतात आणि माथ्याजवळून खाली सोडतात. दगडावर कपडा आपटण्याचीच ही क्रिया, फक्त उंची अर्ध्या मीटरहून कमी. इथे वेग फार जपावा लागतो. ४८ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला साधारण ६० फेऱ्यांच्या पुढे गेला की कपडे भिंतीला चिकटून गोल फिरतात, पडतच नाहीत. म्हणून धुताना वेग ४५ ते ५० फेऱ्यांच्या आसपास ठेवलेला असतो. ड्रम मध्येच थांबून उलटा फिरतो, तो कपड्यांचा गोळा होऊ नये म्हणून. कपडे पडायला जागा हवी, तेव्हा भरल्यावर वर हाताचा पंजा आडवा जाईल एवढी पोकळी ठेवावी. मशीनवर लिहिलेले ७ किलो हे कोरड्या सुती कपड्यांचे वजन असते. सिंथेटिक कपड्यांच्या प्रोग्रॅमला त्याच्या निम्मेच घालावेत.

या रचनेमुळे ७ किलोच्या फ्रंट लोडला सगळे मिळून साधारण ४५ ते ६० लिटर पाणी पुरते. तेवढ्याच टॉप लोडला बहुधा १०० लिटरच्या वर लागते. गरम पाण्याचा प्रश्न आला की हा फरक विजेच्या बिलात उतरतो. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. तेच ६० लिटर तापवायचे तर सुमारे २.४ युनिट. २ किलोवॉटचा हीटर पहिले काम वीसेक मिनिटांत करील, दुसऱ्याला सव्वा तास घेईल. फ्रंट लोडमध्ये हीटर सर्रास असतो, तो याच कारणाने. पाणी थंडीतून हळूहळू तापत जाण्याचा आणखी एक फायदा आहे: पावडरीतली विकरे म्हणजे एन्झाइम्स साधारण ३० ते ५० अंशांत चांगले काम करतात, आणि त्या टप्प्यातून पाणी सावकाश जाते. रक्त किंवा अंडे यांच्या डागांवर एकदम कडक पाणी ओतले तर त्यांतली प्रथिने गोठून धाग्यात घट्ट बसतात. असे डाग आधी गार पाण्यातच भिजवावेत.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. टॉप लोड पाऊण तासात मोकळे होते. फ्रंट लोडचा सुती प्रोग्रॅम दोन-तीन तासही चालतो. हा मशीनचा दोष नाही. सिनरच्या वर्तुळात हालचालीचा वाटा कमी झाला, तो वेळेने भरून निघाला.

पावडरीच्या बाबतीत मात्र चूक सहज होते आणि महागात पडते. फ्रंट लोडमध्ये फेस शत्रूसारखा वागतो. पडणारा कपडा फेसाच्या गादीवर पडला तर आपटीचा जोरच जातो. पंप फेस नीट उपसू शकत नाही, आणि पिळताना ड्रम आणि त्याबाहेरचा पाणी धरणारा टब यांच्या फटीतला फेस ड्रमला ओढून धरतो. मग मशीन आपणहून जास्तीचे विसळणे घेते आणि पडद्यावरची मिनिटे एकाच आकड्यावर अडून राहतात. फ्रंट लोडच्या पावडरीत फेस दाबणारी द्रव्ये असतात, म्हणून तीच वापरावी. धुताना निम्मी काच फेसाने भरलेली दिसली तर पावडर जास्त झाली; पुढच्या वेळी ती कमी करावी आणि आताचे कपडे पावडरीविना एकदा विसळून घ्यावेत.

पिळण्यात फ्रंट लोड स्पष्टपणे सरस आहे. १२०० फेऱ्यांना ४८ सेंटिमीटरच्या ड्रममधल्या पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३८० पट जोर येतो. तेवढ्याच आकाराच्या टॉप लोडमध्ये ७०० फेऱ्यांना सुमारे १३० पट. १ किलो सुती कपड्यांत टॉप लोडनंतर साधारण पाऊण किलो पाणी उरते, फ्रंट लोडनंतर अर्ध्या किलोच्या आसपास. सिंथेटिकला मात्र ६०० ते ८०० फेऱ्या पुरेत, नाहीतर सुरकुत्या बसतात.

एवढ्या वेगात आडवा ड्रम सावरणे सोपे नव्हते. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने १९३७ मध्ये आणलेले पहिले घरगुती स्वयंचलित मशीन फ्रंट लोडच होते, आणि ते जमिनीला बोल्टने जखडावे लागे. आता टब स्प्रिंगांवर टांगलेला असतो, खाली शॉक अ‍ॅब्झॉर्बर असतात आणि टबाला काँक्रीटची जड वजने बांधलेली असतात. वाहतुकीत टब हलू नये म्हणून मागे लावलेले ट्रान्झिट बोल्ट बसवताना काढलेच पाहिजेत. ते विसरले तर पहिल्याच पिळण्याला मशीन जागेवरून सरकते. ते जपून ठेवावेत, घर बदलताना लागतात. एकटी जाड चादर धुवायला टाकली की वजन एका बाजूला जाते. मशीन पुन्हा पुन्हा ती पसरायचा प्रयत्न करते आणि शेवटी न पिळताच थांबते. सोबत दोन-तीन टॉवेल टाकले की तोल साधतो.

फ्रंट लोडच्या दाराचे रबर पाणी धरून ठेवते आणि तिथे काळी बुरशी येते. शेवटचे कपडे काढल्यावर घडीत बोट घालून ते पुसावे. दार आणि पावडरीचा खण किंचित उघडे ठेवावेत. खालच्या झाकणामागचा पंपाचा फिल्टर महिन्यातून एकदा काढावा. नाणी, केसांच्या पिना तिथेच सापडतात. टॉप लोडमध्ये चिकट थर टबाच्या बाहेरच्या, न दिसणाऱ्या बाजूला साचतो आणि एक दिवस धुतलेल्या कपड्यांवर तपकिरी पापुद्रे दिसू लागतात. फक्त गार पाणी आणि भरपूर कंडिशनर वापरणाऱ्या घरांत तो लवकर येतो. दोन्हींना महिन्याकाठी एकदा कपड्यांविना, जमेल तितक्या गरम पाण्यात चालवावे. जड पाण्यामुळे हीटरवर क्षार बसले असतील तर १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून ४० ते ६० अंशांवर एक फेरी करावी. त्यात क्लोरीनचे ब्लीच चुकूनही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पाण्याचा दाबही आधी तपासावा. बऱ्याच फ्रंट लोडना किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतले पाणी नळापेक्षा निदान ३ मीटर उंच हवे. दाब कमी पडला तर पाणी भरायचीच वाट पाहत मशीन चूक दाखवून थांबते. टॉप लोडमध्ये अशा वेळी बादलीने पाणी ओतता येते. पाणी कधी येईल याचा भरवसा नसेल तिथे आम्ही टॉप लोडच सुचवू.

टॉप लोडमध्ये टब टांगणाऱ्या चार दांड्या सैल पडतात, मग पिळताना टब कडेला आदळतो. दांड्या स्वस्तात बदलता येतात. फ्रंट लोडमधला मोठा खर्च बेअरिंगचा. आधी सील जाते, मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि पिळताना घरघर वाढत जाते. रिकाम्या ड्रमचा वरचा काठ हाताने उचलून पाहावा. खटखट हलला तर बेअरिंग संपले. काही मशीनांत बाहेरचा टब स्क्रूंनी जोडलेला असतो, काहींत दोन अर्धे कायमचे चिकटवलेले. तिथे एका बेअरिंगसाठी अख्खा टब बदलावा लागतो. फ्रंट लोड घेण्यापूर्वी दुकानदाराला नाही, दुरुस्ती करणाऱ्याला विचारावे: या मॉडेलचा टब उघडतो का?