लालसर प्रिंट म्हणजे घासून वापरलेली प्रिंट नव्हे

सुपर ८ वर (घरच्या प्रोजेक्टरवर दाखवायची ८ मिमी रुंद फिल्म) इटालियन वेस्टर्न, म्हणजे इटालियनांनी काढलेले काउबॉय सिनेमे, जमवणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं पक्का बसलाय: रीळ लाल पडलं म्हणजे ते प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर फार वेळा चाललं. हे खरं नाही. ७० च्या दशकातल्या बहुतेक रंगीत प्रिंट्सचे रंगच कच्चे होते. त्यातला निळसर-हिरवा थर सगळ्यात आधी विरतो, तोही बंद डब्यात, अंधारात. त्यामुळे एकदाही न चाललेलं, सील न फोडलेलं ४०० फुटांचं रीळ उघडावं, तर यातले बरेच सिनेमे जिथे चित्रित झाले त्या स्पेनमधल्या अल्मेरियाचं निळं आकाश गुलाबी दिसतं आणि घोडेस्वाराचा चेहरा विटेसारखा. जीव हळहळतो.

जास्त वापराची खूण वेगळी असते: उभ्या रेघा, फिल्मच्या कडेची फाटलेली भोकं, जागोजागी जोड. रीळ विकत घेताना दोन्ही स्वतंत्रपणे तपासा. पांढऱ्या कागदावर फिल्म धरून पाहिली की रंग लगेच कळतो. उडालेला रंग धुऊन किंवा रसायन लावून परत येत नाही; तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उष्णता आणि दमट हवा ही ऱ्हासाची गती वाढवतात, म्हणून रिळं माळ्यावर कधीच ठेवू नका. थंड, कोरड्या कपाटात ती बरीच टिकतात.