झोळी तीच, दोरी बदलली

हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून झोपायची झोळी, घ्यायचा म्हटलं की लोक आधी कापड बघतात. रात्रीची झोप मात्र ठरते दोन्ही टोकांच्या दोऱ्यांवर. रानात दोन झाडांमधलं अंतर आपल्या सोयीचं क्वचितच असतं. अशा वेळी दोरी गाठ न सोडता, अंधारात, गार पडलेल्या बोटांनी लांब-आखूड कशी करायची? आज मिळणाऱ्या सरकत्या दोऱ्या, पट्ट्या आणि बकलं या एकाच प्रश्नातून आलेली आहेत.

'हॅमॉक' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा. १४९२ च्या ऑक्टोबरात बहामा बेटांवर कोलंबसाने त्यांचे कापसाच्या जाळ्यांसारखे बिछाने पाहिले आणि रोजनिशीत टिपले. पुढे १५२६ मध्ये स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदो याने त्यांचं तपशीलवार वर्णन केलं. टोकांच्या दोऱ्यांना ताईनो लोकांमध्ये 'हिको' असा स्वतंत्र शब्द होता. कापडापेक्षा दोरी वेगळी वस्तू आहे, तिचा वेगळा विचार करावा लागतो, हे त्यांना तेव्हाच कळलेलं होतं. मला या सगळ्या इतिहासात तो एक शब्द फार मोलाचा वाटतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या आरमाराने हॅमॉक स्वीकारला. प्रत्येक खलाशाला टांगायला जेमतेम १४ इंच रुंदीची जागा. पण जहाजावर तुळया जागच्या जागी, त्यांतले आकडेही जागच्या जागी. एकदा माप जमलं की दोरी रोज बदलायची गरज नाही. दोरी जुळवण्याची खरी अडचण हॅमॉक पुन्हा झाडांखाली आला तेव्हा उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने मच्छरदाणी आणि छप्पर जोडलेला जंगल हॅमॉक काढला, तरी टांगायचा तो दोरी झाडाला गुंडाळून, गाठ मारूनच. नायलॉनच्या दोरीवर रात्रभर वजन पडलं की सुरगाठीचीही निरगाठ होते. सकाळी ती सोडवताना नखं दुखतात.

दोरी नीट जुळवण्याचा एवढा आग्रह का, ते आकड्यांत बघा. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर ७० किलोच्या माणसामागे प्रत्येक बाजूला ताण साधारण ७० किलोंचाच येतो. झोळी ताणून कोन १० अंशांवर आणला की तोच ताण २०० किलोंवर जातो, आणि ५ अंशांवर ४०० किलोंवर. नवशिके झोळी तारेसारखी ताणतात, आणि मग दोरी तुटते किंवा कोवळं झाड वाकतं.

खरा बदल घडवला एका धाग्याने. १९७९ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीच्या संशोधकांनी पॉलिथिलीनपासून विलक्षण मजबूत धागा ओढण्याची रीत शोधली. तोच पुढे डायनीमा म्हणून बाजारात आला. जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची त्याची दोरी ७०० किलोंच्या आसपास ताण सोसते आणि पाण्यावर तरंगते. दोष एकच: ती इतकी गुळगुळीत, की साध्या गाठी तिच्यावरून निसटतात.

म्हणून गाठीऐवजी वीण कामाला आली. ही दोरी आतून पोकळ असते, पायजम्याच्या विणलेल्या नाडीसारखी. तिचंच एक टोक तिच्याच पोटातून ओवून बाहेर काढलं की सरकता फासा तयार होतो. त्याला 'व्हूपी स्लिंग' म्हणतात. मोठ्या झाडांच्या फांद्या उतरवणारे कामगार तो आधीपासून वापरत होते. बाहेर आलेलं टोक ओढलं की फासा आखूड होतो. वजन पडलं की बाहेरची वीण आवळते आणि आतली दोरी घट्ट धरते. लांब करायचा तर वीण दोन्ही हातांनी मागे लोटायची. ती फुगते, सैल होते, आतली दोरी मोकळी सरकते. फक्त मोकळ्या टोकाला गाठ हवीच, नाहीतर ते पोटात शिरून पार निसटून जातं.

पण इतकी बारीक दोरी थेट झाडाला बांधली तर सालीत रुतते आणि तिच्याखालचा जिवंत थर दुखावतो. म्हणून बुंध्याला किमान इंचभर रुंद पट्टी, आणि फासा त्या पट्टीला. या रीतीतही एक उणीव राहते: पोटात ओवलेल्या भागापेक्षा फासा आखूड होत नाही, त्यामुळे झाडं जवळ असली की झोळी जमिनीला टेकते. त्यावर उपाय म्हणून पट्टीच बकलातून ओवण्याची रीत रुळली. गिर्यारोहकांकडून आलेल्या, ओळीने फासे शिवलेल्या पट्ट्या सर्वांत सोप्या. पण त्यांत माप एकेका फाशाच्या टप्प्यानेच बदलतं.

पट्टी नायलॉनची नको, पॉलिएस्टरची घ्या. कोकणातल्या एका आमराईत संध्याकाळी मांडीइतक्या उंचीवर बांधलेली माझी झोळी पावसाच्या सरीनंतर मध्यरात्री गवताला टेकली होती. भिजलेलं नायलॉन ताणत जातं. वरून येणारं पाणीही पट्टीवरूनच झोळीपर्यंत पोचतं. त्यासाठी छपराच्या आत, झोळीच्या टोकाजवळ, पट्टीला वीतभर सुतळी बांधून खाली लोंबती सोडायची. पाणी तिच्यावरून ठिबकून जातं.